खुर्ची रिकामी नव्हती

लोकलमध्ये लटकत असाल, बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून गुपचूप आम्हाला ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा अख्खा भाग इथे लिहूनही टाकलाय.

आजचा विषय बेसबॉल. अहो थांबा, लगेच दुसरा भाग लावू नका! खेळाचे नियम येत नसले तरी चालेल. कारण आपण बोलणार आहोत अशा एका गोष्टीबद्दल, जी तुम्ही-आम्ही सगळेच करतो. आपल्या टीमचा मॅनेजर गेला की पुढचा कोण येणार, याच्या पैजा लावणं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. काही वर्षं आमच्या प्रोजेक्टचं क्लायंट ऑफिस अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या शहरात होतं. त्यांची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. कॉल सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं तिथली मंडळी फक्त एकाच विषयावर बोलायची, ती म्हणजे ब्रूअर्स, त्यांची बेसबॉल टीम. ऐकून ऐकून मलाही गोडी लागली. आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तर ही पाच मिनिटं पंधरा व्हायला लागली, कारण त्यांचा मॅनेजर जाणार की राहणार हे कुणालाच कळत नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्या फुटबॉल-क्रिकेटच्या भाषेत कोच आणि कॅप्टन यांचं मिश्रण. क्रिकेटमध्ये बॉलर बदलायचा तर मैदानावरचा कॅप्टन ठरवतो. बेसबॉलमध्ये हा निर्णय मॅनेजरचा. तो खेळाडूंसारखाच टीमचा ड्रेस घालून बाकावर बसतो, नऊ जणांचा बॅटिंग क्रम लिहितो, आणि पिचर बदलायचा असेल तर स्वतः चालत मैदानाच्या मधोमध जातो आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो. सगळ्या स्टेडियमसमोर! एका सीझनमध्ये 162 मॅच. म्हणजे हे असे निर्णय जवळजवळ रोज, सहा महिने.

पण टीममध्ये खेळाडू कोण असणार हे तो ठरवत नाही. ते वरचं ऑफिस ठरवतं. त्या ऑफिसचा मुख्य माणूस खेळाडू विकत घेतो, विकतो, अदलाबदल करतो, आणि मॅनेजरही तोच नेमतो. थोडक्यात, मॅनेजरला डबा भरून मिळतो. त्यातलं कोणाला कधी वाढायचं एवढं त्याच्या हातात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मिलवॉकीच्या त्या मॅनेजरचं नाव क्रेग काउन्सेल. मिलवॉकीच्याच एका उपनगरात, व्हाइटफिश बेमध्ये वाढलेला. वडील ब्रूअर्सच्याच ऑफिसात नोकरीला होते. पुढे तो स्वतः ब्रूअर्सकडून खेळला आणि 2015 पासून टीमचा मॅनेजर झाला. नऊ सीझनमध्ये 707 मॅच जिंकल्या, ब्रूअर्सच्या इतिहासात इतक्या कुणीच जिंकल्या नव्हत्या. मिलवॉकी हे तसं छोटं शहर, टीमकडे न्यूयॉर्कसारखा पैसा नाही, तरी टीम वरच्या नंबरांत असायची. लोकांसाठी तो घरचा मुलगा होता. आणि त्याचा करार 2023 च्या ऑक्टोबरअखेर संपत होता.

त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये काय झालं? मेट्स नावाच्या टीमने आपला मॅनेजर बक शोवॉल्टर याला निरोप दिला. 2022 मध्ये त्याने 101 मॅच जिंकून दिल्या होत्या, 2023 मध्ये 75 वर गाडी अडकली, आणि खेळ खलास. मेट्सच्या वरच्या ऑफिसात नवा मुख्य माणूस आला डेव्हिड स्टर्न्स. आणि हा स्टर्न्स आधी कुठे होता? मिलवॉकीत! काउन्सेलसोबत वर्षानुवर्षं काम केलेला.

झालं. चाहत्यांना गणित सुटलं. स्टर्न्स तिकडे गेला, मग काउन्सेलही जाणार. आपल्याकडे नाही का, डायरेक्टरने कंपनी बदलली की दोन महिन्यांत त्याची खास माणसं एकेक करून राजीनामा देतात? अगदी तसं. मेट्सने त्याच्याशी बोलण्याची परवानगी मागितली, ब्रूअर्सने दिली, तेव्हा तर लोक म्हणाले, आता फक्त सही बाकी आहे.

अमेरिकेत हिवाळ्यातल्या या गप्पांना एक नावच आहे, 'हॉट स्टोव्ह'. सीझन संपलेला, बाहेर थंडी, लोक गरम शेगडीभोवती बसून पुढच्या वर्षाच्या गप्पा मारताहेत, अशी ती जुनी कल्पना. आपल्या शेकोटीच्या गप्पांसारखं. शेकोटीवर जसं एकाने भुताची गोष्ट सांगितली की दुसऱ्याला त्याच्याहून मोठं भूत आठवतं, तसंच तिथे.

आमच्या कॉलवर तीन पार्ट्या पडल्या होत्या. पहिली पार्टी म्हणायची, जाणार, मेट्सलाच जाणार, स्टर्न्समुळे. दुसरी म्हणायची, छे, घर इथे, माणसं इथे, तो कुठेही जात नाही. तिसरी पार्टी जरा हुशार. ते म्हणायचे, क्लीव्हलँडची जागा पण रिकामी आहे, कारण तिथला नावाजलेला मॅनेजर टेरी फ्रँकोना नुकताच थांबला होता. घरापासून फार लांब नाही, टीम बरी आहे, तिकडे जाईल.

तीनही पार्ट्यांकडे कारणं होती आणि कारणं चांगली होती. पण एक गोष्ट बघा. तिघांनीही सुरुवात एकाच यादीपासून केली होती. कुठल्या कुठल्या खुर्च्या रिकाम्या आहेत, ही यादी. मिलवॉकी, न्यूयॉर्क, क्लीव्हलँड. माणूस एक, खुर्च्या तीन, आता जुळवा जोड्या. शाळेतला 'जोड्या लावा' प्रश्नच म्हणा ना.

6 नोव्हेंबर 2023. इथे रात्र झाली होती, तिकडे दिवस होता. बातमी आली की मेट्सने कार्लोस मेन्डोझाला निवडलं. कोण? तर यांकीज या न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीममध्ये मॅनेजरच्या शेजारी बसणारा मदतनीस कोच. मेजर लीगमध्ये याआधी कधी मॅनेजर नव्हता. मिलवॉकीवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. म्हणजे क्रेग राहतोय!

त्याच दिवशी दुसरी बातमी. काउन्सेल शिकागो कब्जकडे. पाच वर्षं, 4 कोटी डॉलर. म्हणजे वर्षाला सरासरी 80 लाख डॉलर, तोपर्यंत कुठल्याच मॅनेजरला एवढे मिळाले नव्हते.

आता शिकागो म्हणजे मिलवॉकीपासून साधारण 150 किलोमीटर. पुणे-मुंबई धरा. दोन्ही टीम एकाच गटात, वर्षातून 13 वेळा समोरासमोर. पक्के वैरी. आणि मुख्य म्हणजे शिकागोत खुर्ची रिकामीच नव्हती! तिथे मॅनेजर होता. डेव्हिड रॉस.

इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळ्या गप्पांत या माणसाबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं.

डेव्हिड रॉस कब्जच्या चाहत्यांचा लाडका. कब्जने 108 वर्षांनी 2016 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली, त्या टीममधला हा म्हातारा कॅचर. पोरं त्याला 'ग्रँडपा' म्हणायची. कारकिर्दीतला तो त्याचा शेवटचा सीझन, आणि फायनलच्या सातव्या मॅचमध्ये त्याने होम रन मारला. 2020 पासून तोच टीमचा मॅनेजर. 2023 मध्ये त्याच्या टीमने 83 मॅच जिंकल्या, 79 हरल्या. सप्टेंबरमध्ये घसरगुंडी झाली आणि प्लेऑफ हुकला. किती मॅचनी? एका. ॲरिझोनाची टीम 84 विजयांवर आत गेली, आणि पुढे थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचली. एका मॅचचा फरक.

रॉसचा 2024 चा करार शिल्लक होता. त्याला काढणार अशी बोंबाबोंब नव्हती. कुठल्याच यादीत 'शिकागो' नव्हतं. कब्जच्या वरच्या ऑफिसचा मुख्य, जेड हॉयर, विमानाने फ्लोरिडात टॅलाहासीला रॉसच्या गावी गेला आणि त्याला समोर बसून सांगितलं. निदान समोर जाऊन सांगितलं, हेही खरंच. पण तोवर नव्या माणसाशी बोलणं झालेलं होतं.

तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांना हे वाचताना पोटात काहीतरी झालं असेल. मला झालं. मागे मी ज्या कंपनीत होते तिथे आमच्या मॅनेजर मॅडम बदलल्या. आम्हाला कसं कळलं? कॅलेंडरवर एक मीटिंग आली, 'नव्या लीडशी ओळख'. मॅडमनाही तीच मीटिंग आली होती. आम्ही दोन आठवडे कॅन्टीनमध्ये चहा पीत चर्चा करत होतो, की शेजारच्या टीमची जागा रिकामी झालीय, तिथे कोण येणार. सगळे त्या जागेकडे बघत होते. मॅडम त्याच टेबलावर बसून आमच्यासोबत हसत होत्या. त्यांची खुर्ची चर्चेत नव्हतीच.

म्हणून मला वाटतं, आपण 'कोण येणार' हा खेळ खेळतो तेव्हा आपल्याला दिसणारी माहिती ही अर्धीच असते. आपल्याला रिकामी जागा दिसते, कारण ती जाहीर होते. भरलेली जागा कोणाच्या मनात रिकामी झाली आहे, हे जाहीर होत नाही. आणि मोठे निर्णय पुष्कळदा तिथेच होतात.

बरं, पुढे काय झालं? मज्जा तर इथून पुढे आहे.

2024 चा सीझन. एवढे पैसे मोजून आणलेल्या काउन्सेलच्या कब्जने किती मॅच जिंकल्या? 83. हरल्या? 79. डिट्टो! रॉसच्या शेवटच्या वर्षाचा आकडा जशाचा तसा. तुम्ही म्हणाल, ही बाई आकडे बनवतेय. नाही हो, खरंच.

मिलवॉकीने कोणाला नेमलं? पॅट मर्फीला. काउन्सेल कॉलेजात असताना हा त्याचा कोच होता, आणि ब्रूअर्समध्ये वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसून मदत करायचा. गुरूच शिष्याचा मदतनीस! वय पासष्टीच्या उंबरठ्यावर. नेमणूक झाली तेव्हा कोणी फटाके वाजवले नाहीत. लोक म्हणाले, पैसे नाहीत म्हणून घरातलाच माणूस बसवला. त्यात सीझनआधी टीमचा सगळ्यात भारी पिचर कॉर्बिन बर्न्स पण दुसऱ्या टीमला दिला. आणि मर्फीच्या टीमने 93 मॅच जिंकल्या, गटात पहिली आली, आणि मर्फी नॅशनल लीगचा 'मॅनेजर ऑफ द इयर' झाला. ब्रूअर्सच्या मॅनेजरला हा मान मिळायची ही पहिलीच वेळ. काउन्सेल चार वेळा दुसरा आला होता, पहिला एकदाही नाही.

क्लीव्हलँडने आणला स्टीव्हन व्होट. 2022 पर्यंत स्वतः खेळत होता, कोचिंगचा अनुभव फक्त एका वर्षाचा. त्याच्या टीमने 92 मॅच जिंकल्या, आणि अमेरिकन लीगचा मॅनेजर ऑफ द इयर तो झाला. मेट्सचा मेन्डोझा? पहिल्या पाचही मॅच हरला. न्यूयॉर्कचे चाहते कसे असतील विचार करा. पण त्याच टीमने शेवटी 89 मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी अलीकडे पोचली.

म्हणजे ज्या एका नावाभोवती अख्खा महिना गप्पा झाल्या तो जिथे गेला तिथे आकडा हलला नाही, आणि ज्यांना 'हा कोण?' म्हटलं ते तिघंही गाजले.

आता इथे थांबून 'बघा, मोठ्या नावात काही नसतं' असं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. पण आपण इंजिनीअर लोक. एका टेस्टवर कोड प्रॉडक्शनला टाकत नाही. 2025 पण बघूया.

2025 मध्ये काउन्सेलच्या कब्जने 92 मॅच जिंकल्या आणि 2020 नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले. मग काउन्सेल ग्रेट? पण त्या वर्षी वरच्या ऑफिसने त्यांना काइल टकरसारखा तगडा बॅट्समन आणून दिला होता. डबाच वेगळा भरला होता. मेन्डोझाचे मेट्स? 83 विजय, 79 पराभव, प्लेऑफ हुकला. हा आकडा पिच्छाच सोडत नाही! मग मेन्डोझा एका वर्षात विसरला का सगळं? आणि मर्फी? 97 विजय, अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि सलग दुसऱ्यांदा मॅनेजर ऑफ द इयर. तिकडे व्होटही सलग दुसऱ्यांदा. मर्फी हा तोच गृहस्थ, जो मुलाखत चालू असताना खिशातून पॅनकेक काढून खातो. मिलवॉकीकर आता त्याच्या प्रेमात आहेत.

प्लेऑफमध्ये समोरासमोर कोण आलं? ब्रूअर्स आणि कब्ज. गुरू आणि शिष्य. पाच मॅचची सिरीज पाचव्या मॅचपर्यंत गेली, आणि ती मिलवॉकीने मिलवॉकीत जिंकली. त्या रात्री माझ्या जुन्या क्लायंटच्या ग्रुपवर जे फोटो आले ते बघून मला वाटलं, आता काउन्सेलचं नाव काढणं तरी सोडतील. कसलं काय! पहिला मेसेज त्याच्याबद्दलच.

त्यांचा राग मी समजू शकते. 2024 च्या मे महिन्यात काउन्सेल पहिल्यांदा कब्जच्या ड्रेसमध्ये मिलवॉकीला आला तेव्हा स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. त्याच्या गावात त्याच्या नावाचं मैदान आहे, तिथल्या पाटीवर कोणीतरी शिवी लिहून ठेवली. आपल्याला हे नवीन नाही. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर 2023 मध्ये, मुंबई इंडियन्सने रोहितऐवजी हार्दिकला कॅप्टन केलं, आणि पुढे वानखेडेवर स्वतःच्याच कॅप्टनची हुर्यो झाली, ती आपण पाहिली. दोन्हीकडे सही करणारा एक, शिव्या खाणारा दुसरा. वरच्या ऑफिसला स्टेडियममधून आवाज पोचत नाही ना!

मग मॅनेजरने फरक पडतो की नाही? माझं उत्तर असं आहे. पडतो, पण तो वेगळा काढून दाखवता येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये एखादा बदल बरा की वाईट हे बघायला दोन व्हर्जन शेजारी-शेजारी चालवतो. बाकी सगळं सारखं, बदल एकच. टीमचं तसं करता येत नाही. 2024 ची कब्ज टीम रॉसच्या हाताखाली किती मॅच जिंकली असती, हे कधीच कळणार नाही. कदाचित 78, कदाचित 88. खेळाडू बदलतात, दुखापती होतात, समोरच्या टीम बदलतात, त्यात एक माणूस बदललेला असतो. म्हणूनच या गप्पा कधी संपत नाहीत. कोणीच चूक ठरत नाही!

आणि खरं सांगू, मला गप्पा संपायला नकोही आहेत. ऑफ-सीझनमध्ये चाहत्याकडे दुसरं असतं काय? फक्त पुढच्या वेळी शेकोटीवर बसलात, मग टीम कुठलीही असो, तेव्हा 'कोण येणार' याच्याआधी तीन प्रश्न विचारून बघा.

एक, डबा कोण भरतंय? खेळाडू कोण निवडतंय? तो माणूस तोच राहणार असेल तर खुर्चीवर नवा माणूस बसून किती बदल होणार, याचा अंदाज जरा जमिनीवर येतो.

दोन, घरात आधीच कोण आहे? मर्फी आठ वर्षं त्याच बाकावर बसलेला होता. त्याचं नाव घेऊन गप्पा रंगत नाहीत, कारण त्यात बातमी नाही. पण ज्याला टीमची रोजची नाडी माहीत आहे तो माणूस यादीत सगळ्यात खाली का, हे विचारायला हरकत नाही.

आणि तीन, ज्याच्या खुर्चीबद्दल आपण बोलतोय, तो आत्ता त्या खुर्चीत बसलाय का? बसला असेल तर तोही फोन वापरतो, तोही वाचतो, त्याच्या घरचेही वाचतात. 83 आणि 79 या आकड्यामागे एक माणूस होता, ज्याला एका मॅचने आणि एका विमानाच्या फेरीने घरी बसवलं. पुढच्या वर्षी तोच आकडा दुसऱ्याच्या नावावर लागला, आणि त्याची नोकरी शाबूत राहिली. राहायलाच हवी होती, एका वर्षात कोणाला काढू नये. पण मग हा नियम रॉसला का नाही लागला?

मिलवॉकीच्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला मी हे विचारलं. तो पक्का ब्रूअर्सवाला, कब्जचं नाव निघालं तरी तोंड वाकडं करणारा. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "रॉसचं मला वाईट वाटलं होतं. पण तेव्हा आम्ही क्रेगला शिव्या द्यायच्या गडबडीत होतो."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ऑफिसात, कॉलेजच्या टीममध्ये, सोसायटीच्या क्रिकेट क्लबात असा 'कोण येणार' चा खेळ रंगला असेल, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. नावं मात्र घेऊ नका हं, खुर्चीवर कोणीतरी बसलेलं असतं! पुढच्या शनिवारी भेटू. तोवर काळजी घ्या, आणि झोप पूर्ण करा.